दुसऱ्या लेण्यातले जहाज

अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात बाहेरच्या उन्हातून आलेल्या माणसाला आधी काहीच दिसत नाही. फ्लॅश मारायला बंदी, मिणमिणता उजेड आणि मागून येणाऱ्यांची ढकलाढकल. बहुतेक जण छताकडे बघत पुढे सरकतात. मंडपाच्या उजव्या भिंतीशी जरा थांबले, तर रंगांच्या पोपड्यांतून हळूहळू एक जहाज वर येते. त्याला ओळीने तीन उंच शिडे आहेत. मागच्या अंगाला वल्ह्यासारखे लांब दांड्याचे सुकाणू आहे, डेकवर रांजण मांडलेले आहेत आणि नाळेवर चक्क डोळा रंगवलेला आहे. त्या डोळ्याच्याही पुढे, समोर झेपावलेल्या काठीवर, वाऱ्याने टम्म फुगलेले आणखी एक शीड आहे.

हे जहाज शोभेपुरते काढलेले नाही, त्याला गोष्ट आहे आणि ती आपल्या सोपाऱ्याची आहे. 'दिव्यावदान' या संस्कृत बौद्ध ग्रंथातला पूर्ण हा शूर्पारक बंदरातल्या सधन व्यापाऱ्याचा दासीपुत्र. शूर्पारक म्हणजे आजचे नालासोपारा. सहा समुद्रप्रवास यशस्वी करून आलेल्या पूर्णाला श्रावस्तीचे व्यापारी सातव्या सफरीसाठी गळ घालतात. जहाजावर पहाटे ते काहीतरी म्हणत असतात. ही कसली गाणी, असे त्याने विचारल्यावर कळते की ती बुद्धवचने आहेत. व्यापार सोडून पूर्ण भिक्खू होतो. पुढे त्याचा थोरला भाऊ भविल चंदनाच्या लाकडासाठी समुद्रापार जातो. तिथल्या जंगलाचा रखवालदार यक्ष खवळून वादळ उठवतो, भविल धाकट्या भावाचा धावा करतो आणि पूर्ण प्रकट होऊन जहाज वाचवतो. भिंतीवर रंगवलेला क्षण या संकटाचा आहे. जहाजावर हात जोडलेला माणूस आहे, पण शिडाचा दोर धरलेला खलाशी कुठेच नाही.

हा खलाशी चित्रकाराने का गाळला? भाविकाला त्याची गरज नव्हती, हे सरळ उत्तर. पण पुढे दीड हजार वर्षांनी नौदलाची जी पंचाईत झाली, तिचे मूळ या गाळलेल्या माणसात आहे.

वाघूर नदीच्या वळणावरची ही लेणी समुद्रापासून जवळजवळ तीनशे किलोमीटर दूर. वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, इथे छिन्नी आणि कुंचला एकदमच चालू होता. चित्रकाराने समुद्र पाहिला होता की नाही, सांगता येत नाही. जहाजांबद्दल मात्र त्याला चांगलेच ऐकून-पाहून माहीत असणार. पैठण-नाशिककडून सोपारा-कल्याणकडे उतरणाऱ्या व्यापारी वाटा दख्खनच्या रोजच्या व्यवहारातल्या होत्या. त्याच्याही आधी सातवाहनांनी दोन डोलकाठ्यांचे जहाज नाण्यांवर पाडले होते. शिवाय अजिंठ्यातच पहिल्या लेण्यात महाजनकाचे फुटलेले जहाज आहे आणि सतराव्यात सिंहल कथेतल्या होड्या आहेत. डोंगरातल्या या भिंतींवर समुद्र असा पुन्हापुन्हा येतो.

आता त्या पुढच्या शिडाकडे वळू. जहाजाच्या नाकाडावरचे असे छोटे शीड रोमन जहाजांवरही असे. तिकडे त्याला आर्टेमॉन म्हणत. बायबलच्या नव्या करारात संत पौलाचे जहाज माल्टाच्या किनाऱ्यावर चढते, तेव्हा खलाशी हेच शीड उभारतात. जहाज ओढण्यापेक्षा त्याचे तोंड वळवायला आणि रोखून धरायला ते जास्त उपयोगी. सुकाणूवरच्या माणसाचा भार ते हलका करते.

आजच्या शर्यतीच्या होड्यांवरचे पुढचे फुगीर शीड म्हणजे स्पिनेकर. तो थेट आर्टेमॉनचा वंशज नव्हे. तो १८६०च्या दशकात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या यॉट शर्यतींत रुळला, आणि त्याचे काम फक्त वेगाचे. पण दोघांत एक नाते आहे. वारा पाठीशी असताना होडीच्या पुढ्यात फुग्यासारखे शीड सोडायचे आणि त्याच्या मागे धावायचे, ही कल्पना दोन्हीकडे आहे. नेहमीचे शीड एका कडेने डोलकाठीला घट्ट बांधलेले असते. स्पिनेकर फक्त तीन कोपऱ्यांवर तरंगतो: एक कोपरा वर दोराने ताणलेला, एक आडव्या काठीच्या टोकाला आणि तिसरा नुसत्या दोरावर. म्हणूनच नवशिक्या खलाशाची त्याच्यापुढे भंबेरी उडते. पिशवीत भरताना कोपरे उलटसुलट गेले, तर वर चढताना शीड मध्येच पिळवटून डमरू होते आणि ते सोडवेपर्यंत बाकीच्या होड्या पुढे निघून गेलेल्या असतात. शिकवणारा एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगतो: नजर वाऱ्याकडच्या कडेवर ठेव. कड किंचित आत मुडपली की दोर ओढायचा, सरळ झाली की बोटभर सैल सोडायचा. हे दर काही क्षणांनी, तासभर. पुस्तकातून हे येत नाही. हाताला पडलेला ताण मनगटाला कळायला हवा.

मुंबईत ही विद्या जुनी आहे. इथला यॉट क्लब १८४६चा. १९८२च्या आशियाई खेळांतल्या शिडाच्या शर्यती दिल्लीत होणे शक्यच नव्हते. त्या मुंबईच्या समुद्रात झाल्या. फायरबॉल या दोघांनी चालवायच्या, स्पिनेकर असलेल्या छोट्या होडीत फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. क्रिकेटच्या गावात त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही.

अजिंठ्याचे जहाज त्या मानाने फार वेळ नुसते चित्रच राहिले. १८१९च्या एप्रिलमध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी दिसली. पुढे रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षे राबून चित्रांच्या नकला केल्या, त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले, आणि १८८५ साली त्यांच्याही कितीतरी नकला लंडनमध्येच जळाल्या. उरलेल्यांवरून त्यांनी ग्रंथ काढला. राधाकुमुद मुखर्जींनी १९१२ साली भारतीय नौकानयनाचा इतिहास लिहिला, तेव्हा हे जहाज पुरावा म्हणून अभ्यासकांपुढे आले. पुरावा, पण कागदावरचा.

ते पाण्यात उतरवायचे ठरले २०२३ साली. संस्कृती मंत्रालय, नौदल आणि गोव्यातली होडी इनोव्हेशन्स यांच्यात जुलैमध्ये करार झाला आणि सप्टेंबरमध्ये कामाला हात घातला गेला. कल्पना अर्थतज्ज्ञ संजीव सन्याल यांची. लोखंडी खिळा न वापरता फळ्या काथ्याने शिवायच्या होत्या. ते काम केरळच्या बाबू शंकरन यांच्या हाताखालच्या कारागिरांनी केले. आराखडा नव्हता, अवशेष नव्हते, हाताशी होते ते भिंतीवरचे एकाच बाजूने दिसणारे चित्र. पोटाचा घेर किती, पाण्याखाली काय, हे चित्र सांगत नाही. म्हणून आयआयटी मद्रासमध्ये नमुन्यावर चाचण्या झाल्या. २१ मे २०२५ रोजी कारवारला जहाज नौदलात दाखल झाले आणि त्याला आग्नेय आशियात गेलेल्या दंतकथेतल्या दर्यावर्दीचे नाव मिळाले: कौंडिण्य.

इथे तो गाळलेला खलाशी आठवतो. नौदलाच्या आजच्या छोट्या शिडाच्या होड्यांवर, दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत बांधलेल्या 'म्हादेई'वरही, शिडे त्रिकोणी. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये त्याच 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. पण त्या अनुभवातून चौकोनी शिडाचा दोर कधी ओढायचा हे कळत नाही. वल्ह्यासारखे सुकाणूही आजच्या जहाजांवर नसते. शिडांचा आकार, दोरांची जुळणी, वारा फिरल्यावर काय करायचे, हे सगळे नव्याने बसवून समुद्रात पडताळून पाहावे लागले. मुरलेले दर्यावर्दी पुन्हा नवशिके झाले, आणि विचारायला जुना तांडेल कुणी नाही.

२९ डिसेंबर २०२५ला 'कौंडिण्य' पोरबंदरहून निघाले. हिवाळ्यातले ईशान्येचे वारे धरून अरबस्तानाकडे जायची ही जुनीच रीत. इंजिन नव्हते. १४ जानेवारीला, आपल्याकडे तिळगूळ वाटला जात होता त्या दिवशी, जहाज मस्कतला लागले.

गोष्टीतला भविल चंदन घेऊन सोपाऱ्याला परतला आणि त्या लाकडाचा बुद्धासाठी विहार उभा राहिला. सोपाऱ्याचा स्तूप भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उकरला. तो आज वस्तीच्या गराड्यात आहे. ज्या खाडीतून जहाजे आत येत, ती गाळाने भरून गेली आहे, आणि तिथे उतरायचे तर विरार लोकल पकडावी लागते.