यवतमाळ जिल्ह्यातील पक्षी : नैसर्गिक निवड आणि अनुकूलन

यवतमाळ जिल्ह्याच्या माळरानांत, कपाशीच्या शेतांत आणि सागाच्या पानझडी जंगलांत राहणाऱ्या पक्ष्यांचे रंग, अंडी, पिसांची घडण आणि विणीचे हंगाम तेथील माती, पाऊस आणि शत्रू यांच्या दबावाखाली पिढ्यानपिढ्या घडत आले आहेत. त्या घडणीची ही नोंद आहे. वर्धा आणि पैनगंगा या नद्यांमधला हा मुलूख बहुतांशी दख्खनच्या काळ्या बेसाल्टचा आहे. खडक झिजून सखल भागात काळी कसदार माती साठली आणि टेकड्यांवर तांबूस मुरूम उरला. वणी, मारेगाव, झरी जामणीकडे बेसाल्टखालचे जुने चुनखडक आणि कोळशाचे थर वर येतात.

पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या आसपास जातो, सागाला पान उरत नाही, नाले आटतात. जुलैत तोच मुलूख हिरवागार आणि अळ्या-किड्यांनी भरलेला असतो. सुगी आणि उपासमार यांत जेथे इतके थोडे अंतर आहे, तेथे हंगाम चुकलेल्या पक्ष्याला क्षमा नसते. टिपेश्वर (१४८.६३ चौ. किमी.) आणि पैनगंगा ही जिल्ह्यातील अभयारण्ये. टिपेश्वरचे नाव आज वाघांसाठी घेतले जाते. मात्र या नोंदीतले बहुतेक पक्षी अभयारण्याबाहेर, धुऱ्यावर, पडीकात आणि गावाशेजारच्या बाभळींवर राहतात, आणि अनुकूलन समजून घ्यायला तेच अधिक उपयोगी आहेत.

निवड कशी होते : चंडोल काळ्या मातीवर बसून बसून काळसर होत नाही. एकाच जातीच्या पक्ष्यांमध्ये थोडाथोडा फरक असतो. तो बराचसा आईबापांकडून आलेला असतो. ज्यांच्या अंगी त्या ठिकाणी उपयोगी पडणारा फरक असतो, त्यांची पिले अधिक संख्येने जगतात. हेच पुन्हापुन्हा घडत राहिले की जात हळूहळू बदलते. चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचे या विषयावरचे लेखन १८५८ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्र वाचले गेले.

यवतमाळच्या शेतकऱ्याने ही प्रक्रिया स्वतःच्या शेतात पाहिली आहे. बीटी कपाशी भारतात २००२ मध्ये आली, दोन जनुकांचे वाण २००६ मध्ये आले, आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने जिल्ह्यातली हिरवी बोंडे आतून पोखरली. अळी काही शिकली नव्हती. असंख्य अळ्यांमध्ये बीटी कपाशीतल्या विषाला दाद न देणाऱ्या मोजक्या होत्या, त्या वाचल्या आणि पुढची पैदास त्यांची झाली. बोंडअळीच्या एका हंगामात अनेक पिढ्या होतात, म्हणून पंधरा वर्षांत चित्र पालटले. पक्ष्यांना नियम हाच लागू आहे, फक्त त्यांची पिढी लांब असते.

पक्ष्यांमधला सर्वांत बारकाईने मोजलेला दाखला गॅलापॅगोस द्वीपसमूहातील डॅफ्नी मेजर या बेटाचा आहे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी तेथे १९७३ पासून फिंच पक्ष्यांच्या चोची मोजल्या. १९७७ च्या दुष्काळात बारीक बी संपले आणि मुख्यतः सराट्याच्या गणातल्या एका वनस्पतीचे कठीण, काटेरी फळ उरले. आपल्याकडे पडीकात अनवाणी चालणाऱ्याच्या टाचेत रुतणारा सराटा याच गणातला. जाड चोचीच्या फिंचांना ते फळ फोडता आले. मध्यम भूफिंच या जातीतले दर शंभरांतले ऐंशीहून अधिक पक्षी मेले, आणि पुढच्या पिढीची चोच सरासरी सुमारे अर्धा मिलिमीटर अधिक जाड निघाली. १९८३ च्या अतिवृष्टीने बेटावर बारीक बियांचे रान माजवले, तेव्हा निवडीची दिशा उलटली आणि लहान चोचीचे पक्षी सरस ठरले. निवडीला ठरलेले गंतव्य नसते, हे यावरून दिसते. जो ऋतू समोर आहे, तोच निवड करतो.

मातीचा रंग : नांगरट झालेल्या काळ्या शेतात लालसर शेपटीचा चंडोल ढेकळांमध्ये बसला की नजरेतून निसटतो. त्याची पाठ गडद तपकिरी असते, पोटाकडे विटकरी छटा असते, आणि उडाल्यावर शेपटीचा तांबूस रंग उघडा पडतो तेव्हाच तो होता कुठे ते कळते. दख्खनच्या काळ्या मातीवर हा चंडोल सर्रास दिसतो. त्याच्याच गणातला वाळवंटी चंडोल पश्चिम आशियात फिक्या वाळूवर फिका आणि जॉर्डनच्या काळ्या लाव्हा दगडांवर जवळपास काळा असतो. वर घिरट्या घालणारा शिकारी पक्षी जमिनीशी न जुळणारा चंडोल आधी टिपतो. रंगाची ही जुळणी त्याच्या नजरेने केलेली आहे.

टिटवीचे घरटे जवळून पाहिले तर तिथे घरटे असे काही नसतेच. जमिनीत उथळ खळगा, भोवती खडे, कधी शेळीच्या लेंड्या, आणि मधे टोके आत वळवून ठेवलेली साधारण चार अंडी. मळकट पिवळसर कवचावर काळपट डाग असे विखुरलेले असतात की दोन पावलांवर उभ्या माणसालाही अंडे आणि खडा वेगळा काढता येत नाही. टिटवीची वीण मार्चपासून सुरू होते, म्हणजे अंडी ऐन उन्हाळ्यात उघड्यावर असतात आणि दुपारी काळ्या जमिनीचा पृष्ठभाग ५० अंशांच्या वर जातो. तेव्हा पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला. जवळ पाणी असेल तर तो पोटाची पिसे भिजवून येतो आणि ओल्या पोटाने अंडी गार करतो. पिलू अंड्यातून निघाल्यावर काही वेळातच चालू लागते आणि आईबापांची हाक ऐकताच जमिनीला चिकटून निश्चल होते. अलीकडे टिटवी इमारतींच्या सपाट गच्च्यांवरही अंडी घालते. हा बदल मात्र वागण्यातल्या लवचिकपणाचा आहे. एका पक्ष्याने आयुष्यात बदललेली सवय आणि पिढ्यांमधून निवडली गेलेली घडण यांची गल्लत करू नये.

माळावरच्या पखुर्डीचा प्रश्न वेगळा आहे. तिचे खाणे कोरडे बी असते, म्हणून तिला रोज पाणी लागते, आणि उडता न येणाऱ्या पिलांना पाणवठ्यापर्यंत नेता येत नाही. पखुर्डीच्या कुळातील नर पाण्यात बसून पोटाची पिसे भिजवतो आणि तसाच उडत पिलांकडे जातो. पिले ती पिसे चोचीत धरून पाणी पितात. मीड-वॉल्डो या इंग्रज पक्षिपालकाने १८९६ मध्ये हे लिहिले तेव्हा अनेकांना ते खरे वाटले नाही. केड आणि मॅक्लीन या संशोधकांनी १९६७ मध्ये पिसांची रचना तपासून ते सिद्ध केले. नराच्या पोटाच्या पिसांतले सूक्ष्म तंतू कोरडे असताना गुंडाळलेले असतात, भिजले की उलगडून पाणी धरून ठेवतात. पिसाची रचना अशी, आणि पाण्यात बसण्याची खोडही तशीच. एकीवाचून दुसरी निरुपयोगी ठरली असती.

सातभाई, पावशा आणि चातक : जिल्ह्यातील अनुकूलनाचे सर्वांत समृद्ध उदाहरण गावोगाव, बांधावरच्या झाडांत चाललेले असते. जंगली सातभाई सहा ते दहांच्या टोळीने राहतात, एकत्र खातात, एकत्र कलकलाट करतात, आणि टोळीतले इतर पक्षीही पिलांना भरवायला मदत करतात. त्यांची अंडी गर्द निळी, डाग नसलेली, चकचकीत असतात. भरवणारे हात इतके असलेले घर परक्या पिलासाठी फार सोयीचे, आणि कोकीळ कुळातील दोन पक्षी त्याचा लाभ घेतात.

पहिला पावशा. त्याची वीण मुख्यतः मार्च ते जूनमध्ये होते. उन्हाळ्याच्या शेवटी त्याची चढत जाणारी हाक शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’ अशी ऐकू येते, आणि पेरणीचा सांगावा म्हणून तो ती ऐकतो. पक्ष्याच्या दृष्टीने ती नराची आपल्या हद्दीची आणि मादीसाठीची हाक आहे. पण दोन्ही अर्थ एकाच पावसाकडे पाहतात, म्हणून शेतकऱ्याचा कान चुकलेला नाही. दुसरा चातक. त्याचे बरेच थवे आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून मोसमी वाऱ्यांबरोबर येतात आणि जून ते सप्टेंबरमध्ये अंडी घालतात. म्हणजे सातभाईंना पावसाआधी एक आणि पावसात दुसरा, असे दोन पाहुणे सांभाळावे लागतात.

दोघांचीही अंडी निळी आहेत. यामागे लांबलेली चढाओढ आहे. घरट्यात वेगळ्या रंगाचे अंडे दिसताच ते फेकून देणारे सातभाई आपली पिले वाचवतात, म्हणून त्यांचा वंश वाढतो. अशा सातभाईंच्या राज्यात ज्या पावशाचे अंडे जास्त निळे, त्याचेच पिलू जगते. एकाची नजर तीक्ष्ण होते तसा दुसऱ्याचा रंग अचूक होतो. या विचाराला बळ देणारी गोष्ट चातकातच सापडते. आफ्रिकेच्या दक्षिण भागात वीण करणारे चातक बुलबुलांच्या घरट्यांत पांढरी अंडी घालतात. बुलबुलांची अंडी ठिपकेदार असतात, तरी ते ही परकी अंडी बाहेर टाकत नाहीत. जेथे यजमान अंडे नाकारत नाही, तेथे रंग जुळवण्याचा दबावच नाही. एकच जात, दोन खंड, दोन रंगांची अंडी: निवडीचा नियम याहून स्पष्ट क्वचितच दिसतो.

अंडे घालण्याची रीतही अशीच घडली आहे. चातकाची मादी सातभाईंच्या घरट्याच्या काठावर क्षणभर बसून अंडे वरूनच आत टाकते. त्यात यजमानाचे एखादे अंडे तडकते. तिच्या स्वतःच्या अंड्याचे कवच जाड असते. चातकाचे पिलू यजमानाच्या पिलांना ढकलून देत नाही, त्यांच्याबरोबर वाढते. पावशाचे पिलू बहुधा अंडी बाहेर लोटते असे लिहिले जाते, पण पक्षितज्ज्ञ थॉमस जर्डन यांनी एकोणिसाव्या शतकातच पावशाची पिले सातभाईंच्या पिलांसह फिरताना दिसतात असे नोंदवले होते.

पावशाचे रूप हा या चढाओढीचाच भाग मानावा लागतो. राखी पाठ, छातीवर तपकिरी आडव्या रेघा, पट्टेदार शेपूट आणि पंख मारत मग तरंगत जाण्याची ढब हे सगळे शिक्रा या शिकारी पक्ष्यासारखे आहे. पावशा झाडावर उतरला की लहान पक्षी शिक्रा आल्यासारखे ओरडू लागतात. इंग्लंडमध्ये निक डेव्हिस आणि जस्टिन वेलबर्गेन यांनी २००८ मध्ये प्रयोग करून दाखवले, की तेथील कोकिळाच्या छातीवरच्या रेघांमुळे लहान पक्षी त्याला ससाण्याइतकेच घाबरतात. यजमान घरट्यापासून क्षणभर दूर झाला तरी मादीला तेवढे पुरते.

सुगरण : सुगरणीची वीण पावसाशी बांधलेली आहे, कारण विणायला हिरव्या गवताच्या लांब पट्ट्या आणि पिलांना किडे पावसातच मिळतात. घर विणतो तो नर. सलीम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळ किहीमला केलेल्या निरीक्षणांतून दाखवले, की नर अर्धे घरटे बांधून थांबतो, मादीने ते पसंत केले तरच पुरे करतो, आणि मग दुसरे सुरू करतो. नापसंत घरट्याच्या नराचा वंश पुढे जात नाही. काटेरी बाभूळ, विहिरीवर झुकलेली बारीक फांदी, नैर्ऋत्येच्या वाऱ्यापासून आडोसा देणारी झाडाची पूर्व बाजू ही ठिकाणे सापाला आणि वादळाला अवघड जातात. असे ठिकाण हेरणाऱ्या नराची आणि ते पसंत करणाऱ्या मादीची पिले वाचतात.

निवडीची मर्यादा : गिधाडांच्या बाबतीत निवड वेळेवर पोचली नाही. जनावरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि मूत्रपिंडे निकामी होऊन ती काही दिवसांत मेली. भारतात १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी आणि लांब चोचीच्या गिधाडांची सुमारे ९७ टक्क्यांनी घटली. हे कारण २००४ मध्ये सिद्ध झाले, आणि पशुवैद्यकीय डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. बोंडअळीने एका पिकाच्या विषावर मात केली, मग गिधाडाला का जमले नाही? गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, आणि पिलू वयात यायला सुमारे पाच वर्षे लागतात. शिवाय ज्या फरकावर निवड काम करते, तो फरकच आपल्या गिधाडांमध्ये पुरेसा नव्हता. अमेरिकेतले टर्की गिधाड हे औषध शंभरपट मात्रेतही सहन करते, पण ते वेगळ्या वंशाचे आहे. त्याची सहनशक्ती आपल्या गिधाडांना वारशाने मिळू शकत नाही.

गिधाडांना घातक ठरणाऱ्या केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक या औषधांवर जनावरांसाठी २०२३ मध्ये बंदी घालण्यात आली. हरयाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून आणलेली गिधाडे २०२४ मध्ये विदर्भातील पेंच आणि ताडोबा व्याघ्र प्रकल्पांत सोडली गेली. यवतमाळच्या आकाशात ती पुन्हा स्थिरावतील की नाही, हे गोठ्यात कोणते इंजेक्शन दिले जाते यावर ठरेल.