सिंदखेडची पागा व घोड्या-कुत्र्यांच्या जातिस्वभावाची परीक्षा

सिंदखेडच्या जाधवराव घराण्याविषयीं लिहितांना इतिहासकार मनसबीचे आंकडे आवर्जून देतात. लखुजीराव, त्यांचे पुत्र व पौत्र यांच्या मोंगलाईंतील मनसबी मिळून २४,००० जात व १५,००० स्वार भरत, असें फारसी तवारिखांवरून सांगण्यांत येतें. परंतु स्वार या एका शब्दांत दोन जीव असतात, एक मनुष्य व दुसरा घोडा. पहिल्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें. दुसऱ्याचा विचार क्वचितच झाला. घोड्याची व त्याच्या जोडीनें नांदणाऱ्या कुत्र्याची जात आपले पूर्वज कशी पारखीत, याचा विचार या लेखांत करण्याचें योजिलें आहे.

इ. स. १५९६ च्या सुमारास वऱ्हाड अकबराच्या ताब्यांत गेलें आणि मेहकर हें एका सरकारचें ठाणें झालें. त्याच काळच्या आइने अकबरींत घोड्यांच्या सात प्रती सांगितल्या आहेत: अरबी, इराकी, मुजन्नस, तुर्की, याबू, ताजी व जंगला. शेवटच्या दोन या देशांतल्या, व म्हणूनच उतरंडीच्या तळाशीं. घोड्याला दाग देऊन त्याची प्रत ठरवावी व त्या मानानें तनखा द्यावा, असा तो शिरस्ता होता. तोच ग्रंथ वाशीमकडील हटकरांना उद्दाम म्हणतो, आणि त्यांचें बळ एक हजार स्वार व पांच हजार पायदळ इतकें सांगतो. ज्यांचा घोडा हलका ठरला, त्यांचा बंदोबस्त मात्र दरबारास जड गेला असावा!

याचें कारण भूमींत आहे. बुलढाणें जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग लोक आजही करतात. खालीं पूर्णेची काळी सपाट जमीन, वर अजिंठ्याच्या रांगेचें खडकाळ पठार. घाट चढणारा घोडा उंचीनें नव्हे, खुरानें व दमानें पारखावा लागतो. भीमाथडीचें दक्षिणी तट्टू साधारण तेरा मुठींचें. पण तें थोड्या चंदीवर व मिळेल त्या कडब्यावर निभावतें. अरबी व तुर्की रक्ताचा देशी घोड्यांशीं संकर होऊन तें घडलें, असें सामान्यतः मानतात.

तथापि या घोड्याची नुसती स्तुति करणें हा न्याय नव्हे. या जिल्ह्यांतच दोन तऱ्हांचीं युद्धें झालीं. इ. स. १७२४ त साखरखेर्ड्यास निजामुल्मुल्क व मुबारिजखान यांची समोरासमोर लढाई होऊन मुबारिजखान पडला. इ. स. १७५७ च्या डिसेंबरांत सिंदखेडास मराठ्यांनीं निजामाकडील रामचंद्र जाधवास कोंडलें, आणि त्याच्या मदतीस आलेल्या निजामअल्लीस चहूंकडून हैराण केलें. शेवटीं पंचवीस लक्षांचा मुलूख व नळदुर्ग किल्ला देऊन तह झाला. दुसऱ्या प्रसंगीं चपळ घोड्याचा गुण पुरेपूर उपयोगीं पडला. परंतु सिंदखेडच्या मोहिमेचें नेतृत्व ज्यांच्या नांवें होतें, ते विश्वासराव तीन वर्षांनीं पानिपतावर पडले. तेथें हीच फौज एका जागीं कोंडली गेली. दाणावैरण तुटली, घोडीं उपाशीं मरूं लागलीं, आणि वेगाचा गुण वायां गेला. तात्पर्य, जातीचा गुण भूमि व काम यांपासून वेगळा काढून मोजतां येत नाहीं.

आमच्या शास्त्रकारांनीं या विषयाची उपेक्षा केलेली नाहीं. शालिहोत्राच्या नांवावर चालत आलेली परंपरा, नकुलाच्या नांवावरील अश्वचिकित्सा व जयदत्तसूरीचें अश्ववैद्यक हे ग्रंथ प्रसिद्धच आहेत. त्यांत वर्ण व आवर्त यांच्या शुभाशुभांस मोठें स्थान आहे. देवमण अथवा पंचकल्याणी घोड्याची आपल्याकडील आवड त्याच विचाराची वंशज होय. पण भोवरा पाहून घोड्याची खोड कळत नाहीं. ती मोतद्दारास ठाणावर कळते. कोणतें घोडें अनोळखी हात सोसत नाहीं, कोणतें रवाल चालींत दिवसभर टिकतें, हें ज्ञान सहवासाचें आहे.

कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचा मानसोल्लास (सुमारें इ. स. ११२९) या दृष्टीनें मननीय आहे. त्याच्या विनोदविंशतींत वाजिवाह्यालीविनोद व सारमेयविनोद असे दोन्ही विषय येतात. सरमेचीं अपत्यें तीं सारमेय, अशी कुत्र्याच्या या नांवाची व्युत्पत्ति आहे. राजानें घोड्या-कुत्र्यांत आनंद मानावा, आणि तो आनंद ज्ञानपूर्वक असावा, ही त्या योजनेंतली दृष्टि आम्हांस मोलाची वाटते.

लोकाचारांतही हा जोड दिसतो. खंडोबा घोड्यावर बसतो व पायाशीं कुत्रें असतें. त्याचे भक्त स्वतःस वाघ्या म्हणवितात. सातारकर शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्यानें त्यांस वाघापासून वांचविलें, अशी आख्यायिका असून त्याची समाधि माहुलीस दाखवितात. परंतु कुत्रीं सर्व सारखीं नव्हेत. धनगराचें कुत्रें राखणीचें. तें कळपाजवळून हलत नाहीं. कारवानी कुत्रें दृष्टीनें सावज धरणारें, परक्याशीं अलिप्त व धाकानें बिघडणारें. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनीं तसल्या जातीची जोपासना केली, ती हा स्वभाव ओळखून. पाठलागाच्या कुत्र्यास सांखळीनें दाराशीं बांधून तें राखण करीत नाहीं म्हणणें, हा दोष कुत्र्याचा नव्हे.

इ. स. १८१८ नंतर शिलेदारी मोडली. १८५३ त वऱ्हाड इंग्रजांकडे गेलें. १८६७ त मलकापूर-शेगांवावरून आगगाडी नागपुरास पोंचली. घोड्याचें काम गेलें, आणि कामाबरोबर पारखही गेली. भीमथडी वांचली ती राजवाड्यांत नव्हे, तर मेंढरांमागें बिऱ्हाड वाहून नेणाऱ्या धनगरांच्या तळांवर. अलीकडे तिची स्वतंत्र देशी जात म्हणून सरकारदरबारीं नोंद झाली, हें उचितच झालें. मात्र नोंदीनें जात टिकत नाहीं, कामानें टिकते.

म्हणून आमची संशोधकांस विनंति आहे. सिंदखेड, देऊळगांवराजा व मेहकर या भागांतील जुन्या घराण्यांच्या दप्तरांत चंदी, नालबंदी व मोतद्दारांचे रोजमुरे यांचे मोडी कागद आढळल्यास ते क्षुल्लक म्हणून टाकूं नयेत. त्याचबरोबर धनगरांच्या वाड्यांवर जाऊन वृद्धांस घोडीं व कुत्रीं कशीं निवडतां, हें विचारावें व तें त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावें. कागद कांहीं काळ वाट पाहतील. तीं माणसें पाहणार नाहींत.