सूत्रकृमीचे प्रयोगशाळेतील घराणे

इ. स. १९०० मध्ये एमील मोपा या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने अल्जिअर्स येथे आढळलेल्या एका सूत्रकृमीचे वर्णन प्रसिद्ध केले. आज सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या नावाने ओळखला जाणारा हा जीव जेमतेम १ मिलिमीटर लांबीचा आहे. तो मनुष्यास अगर पिकास उपद्रव देत नाही. कुजणाऱ्या वनस्पतींवरील जीवाणूंवर निर्वाह करतो. वैद्यकाने अथवा कृषिशास्त्राने त्याची दखल घ्यावी असे काहीच कारण नव्हते. असा नगण्य प्राणी जीवशास्त्राचा एक आधारस्तंभ कसा झाला, याचा इतिहास उद्बोधक आहे. आणि त्या आधाराच्या मर्यादाही त्याच इतिहासात दिसून येतात.

१९६३ साली केंब्रिज येथील सिडनी ब्रेनर यांनी मॅक्स पेरुट्झ यांना पत्र लिहून, रेणवीय जीवशास्त्राने आता विकास व मज्जासंस्था या विषयांकडे वळावे, असे मत मांडले. त्यासाठी प्राणी असा हवा होता की, ज्याच्या पेशी मोजता येतील आणि ज्याची पिढी थोड्या दिवसांत पुरी होईल. हा सूत्रकृमी पारदर्शक असून सुमारे साडेतीन दिवसांत प्रौढ होतो, आणि उभयलिंगी असल्याने एकट्यापासूनच सुमारे ३०० संतती होते. ब्रेनर यांचा त्याच्या आनुवंशिकीवरील निबंध १९७४ साली प्रसिद्ध झाला. १९८३ पर्यंत जॉन सल्स्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या पेशींची संपूर्ण वंशावळ सिद्ध केली. उभयलिंगी प्रौढाच्या देहात ९५९ पेशी असतात, तर १३१ पेशी वाढीच्या क्रमात ठरल्या वेळी मरतात. हा मृत्यू जनुकांच्या नियंत्रणाखाली घडतो, हे रॉबर्ट हॉर्विट्झ यांनी दाखविले. या तिघांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान १९८६ साली त्याच्या ३०२ मज्जापेशींच्या जोडण्यांचा नकाशाही प्रसिद्ध झाला होता.

महाराष्ट्रात या अभ्यासाचे प्रमुख स्थान म्हणजे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था. तेथे १९६२ साली ओबेद सिद्दिकी यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. पुढे डॉ. संध्या कौशिका यांच्या प्रयोगशाळेने याच सूत्रकृमीत मज्जापेशींमधील मालवाहतुकीचा अभ्यास केला. या वाहतुकीचे स्वरूप पेणच्या उदाहरणाने समजावे. पेणच्या कारखान्यांत गणेशमूर्ती तयार झाल्या, परंतु त्या नेणारी वाहनेच नसली, तर मूर्ती कारखान्यातच साचून राहतील आणि मुंबईची घरे रिकामी राहतील. सूत्रकृमीतील एक वाहक प्रथिन बिघडल्यास मज्जातंतूच्या टोकाशी पोचावयाची द्रव्ये तशीच पेशीच्या मूळ देहात साचतात, आणि प्राण्याची हालचाल विसकटते. मनुष्यातील तत्सम जनुकाच्या बिघाडाने पाय ताठरण्यासारखे मज्जाविकार होतात. म्हणून कृमीवरील निष्कर्ष रुग्णाच्या उपयोगाचा ठरण्याची आशा बाळगता येते.

तथापि येथे सावधगिरी आवश्यक आहे. जगभरच्या प्रयोगशाळांतील प्रमाण वाण ब्रिस्टलनजीक अळिंबीच्या खतात १९५१ साली मिळालेल्या कृमींपासून निघाला. तबकड्यांतील दीर्घ वास्तव्यात त्याच्या जनुकांत काही बदल घडले. हे कृमी अन्नावर एकएकटे वावरतात, तर अनेक रानटी वाणांचे कृमी थवा करून खातात. १९९८ साली हा भेद एका जनुकातील फरकाने स्पष्ट करण्यात आला व तो निसर्गातील विविधता म्हणून समजला गेला. परंतु २००९ साली असे दिसून आले की, एकटे खाण्यास कारण असलेले जनुकाचे रूप प्रयोगशाळेतच उपजले होते. अर्थात, प्रयोगशाळेने जे घडविले तेच निसर्गाचे रूप म्हणून वाचले गेले होते.

या दोषावर उपाय एकच, तो म्हणजे निसर्गातून नवनवे वाण मिळविणे. एलेगन्सच्या ब्रिग्सी या आप्ताचा प्रमाण वाण अहमदाबादेचा असून त्याची जनुकसंहिता २००३ साली प्रसिद्ध झाली. हे प्राणी कुजणारी फळे व खोडे यांत विशेषेकरून मिळतात, हेही आता कळले आहे. पावसाळ्यात पेण व रोहे तालुक्यांच्या वाड्यांत असा कुजका पाला व फळे विपुल असतात. तेथे विद्यार्थ्यांस भिंग, तबकडी व जीवाणूंचे अन्न एवढ्या अल्प साधनांनी शोध आरंभिता येईल. प्रमाण वाणाने शास्त्राला एकसूत्रता दिली. त्या सूत्राची पारख मात्र अशा स्थानिक संग्रहांनीच होऊ शकेल.