कानशिलाची खिडकी

लिस्बनच्या सांता मार्ता रुग्णालयात २८ जून १९२७ रोजी जिवंत माणसाच्या मेंदूतल्या धमन्या पहिल्यांदा एक्स-रेवर नीट उमटल्या. हे घडवणारे एगास मोनिझ तेव्हा बावन्न वर्षांचे होते. पोर्तुगालचं परराष्ट्रमंत्रीपद भूषवून झालेला हा न्यूरॉलॉजिस्ट. गाउटनं त्यांच्या हातांची बोटं इतकी बिघडली होती की बारीक काम त्यांना जमत नसे. त्यामुळे मान उघडून कॅरोटिड धमनीत सुई घालण्याचं काम पेद्रो आल्मेडा लिमा हे त्यांचे तरुण सहकारी करायचे. मी नागपुरात रेडिओलॉजिस्ट आहे, रोज अशी चित्रं बघते. तरी त्या पहिल्या चित्रापुढे माझी मान आजही झुकते. त्याच्या आधीचा मृत्यूही मला विसरता येत नाही. धमन्या एक्स-रेवर उमटाव्यात म्हणून सुरुवातीच्या रुग्णांना मोनिझ स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड टोचत होते आणि त्यातला एक रुग्ण दगावला. मग त्यांनी ते सोडून सोडियम आयोडाइड घेतलं.

मोनिझना शोधायची होती ती मेंदूतली गाठ. धमन्या जागेवरून सरकलेल्या दिसल्या, की गाठ कुठे आहे याचा अंदाज येतो, हा त्यांचा हिशेब. अरुंद किंवा बंद धमनी हा विषय बराच मागे होता; मानेतली कॅरोटिड गुठळीनं बंद पडल्याची चित्रं त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली ती १९३७ मध्ये. तोवर थोरोट्रास्ट नावाचं नवं औषध रूढ झालं होतं. त्यानं चित्र सुरेख यायचं, टोचताना त्रास व्हायचा नाही. पण त्यात किरणोत्सारी थोरियम होतं. ते यकृतात जन्मभर साठून राहायचं आणि वीस-तीस वर्षांनी तिथे कॅन्सर उभा करायचा. चांगलं दिसावं म्हणून आमच्या शास्त्रानं रुग्णांकडून घेतलेली ही किंमत. नव्या विद्यार्थ्यांना मी हे आवर्जून सांगते.

या इतिहासातला माझा सगळ्यात आवडता माणूस मात्र कॅनडाचा. चार्ल्स मिलर फिशर. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात डॉक्टर होते. जहाज बुडालं आणि काही वर्षं जर्मनांच्या कैदेत गेली. युद्धानंतर माँट्रियलला ते लकव्याच्या रुग्णांचं बोलणं शांतपणे ऐकत बसायचे. एका रुग्णानं सांगितलं, की लकवा येण्याआधी काही दिवस त्याच्या एका डोळ्यापुढे मधूनच अंधार व्हायचा. पण लुळी पडली ती दुसरी बाजू. ऐकणाऱ्याला हे उलटं वाटेल. फिशरना यात अर्थ दिसला. डावा मेंदू उजवं अंग चालवतो, पण डाव्या डोळ्याला रक्त डाव्याच कॅरोटिडमधून जातं. म्हणजे डोळा आणि मेंदू, दोघांच्या दुखण्याचं मूळ एकाच जागी, मानेत असणार. शवविच्छेदनात तेव्हा सहसा मानेतल्या धमन्या उघडून बघत नसत. फिशर बघू लागले, आणि जबड्याखाली जिथे कॅरोटिडला दोन फाटे फुटतात, तिथेच ती चोंदलेली सापडत गेली. १९५१ च्या लेखात त्यांनी हे मांडलं आणि एक दिवस शल्यविशारद या अडथळ्यावर वाट काढतील, असंही लिहून ठेवलं.

फार थांबावं लागलं नाही. मे १९५४ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ईस्टकॉट, पिकरिंग आणि रॉब यांच्या चमूनं एका बाईंच्या मानेतल्या कॅरोटिडचा अरुंद भाग कापून धमनीची टोकं पुन्हा जोडली. बाईंना त्याआधी लकव्याचे तात्पुरते झटके वारंवार येऊन गेले होते. शस्त्रक्रियेत रक्त अडलं तरी मेंदू टिकावा म्हणून त्यांचं अंग थंड करून घेतलं होतं. झटके थांबले.

मग सगळीकडे अशा शस्त्रक्रिया सुरू झाल्या. चित्रात चिंचोळी जागा दिसली, की ती मोकळी करायची. पण त्यानं रुग्णाचं खरोखर भलं होतं का, हे मोजायला आणखी काही दशकं गेली. कॅनडाच्याच हेन्री बार्नेट यांनी ते मोजलं. कवटीबाहेरची धमनी आतल्या धमनीला जोडण्याची बायपास त्या काळी जोरात होती. १९८५ मध्ये बार्नेट यांच्या अभ्यासातून दिसलं, की तिनं लकवा टळत नाही. शल्यविशारद चिडले. १९९१ मध्ये बार्नेट यांच्याच दुसऱ्या अभ्यासानं उलट कौल दिला. झटका येऊन गेलाय आणि कॅरोटिड ७० टक्क्यांहून जास्त अरुंद आहे, अशांपैकी नुसत्या औषधांवर असलेल्या २६ टक्के लोकांना दोन वर्षांत त्या बाजूचा लकवा आला. शस्त्रक्रिया झालेल्यांत ९ टक्के. माझ्या मते मोनिझच्या चित्राला पुरता अर्थ आला तो त्या वर्षी. पुढे कवटीच्या आतल्या अरुंद धमन्यांत स्टेंट घालून पाहिले, तेव्हा २०११ चा निकाल पुन्हा विरुद्ध गेला: पहिल्या तीस दिवसांतच स्टेंटवाल्यांत लकवा किंवा मृत्यू १४.७ टक्के, औषधांवर ५.८ टक्के. चित्रातली चिंचोळी जागा पाहून अजूनही हात शिवशिवतात, तेव्हा हे आकडे समोर ठेवावेत.

आता माझ्या रोजच्या कामाकडे येते. १९८२ मध्ये रूने आस्लिड यांनी स्वित्झर्लंडमध्ये बर्नला दाखवून दिलं, की कानशिलाचं हाड पातळ असल्यामुळे कमी फ्रीक्वेन्सीचा अल्ट्रासाउंड तिथून आत जातो आणि मेंदूच्या मोठ्या धमन्यांतल्या रक्ताचा वेग कळतो. सुई नाही, किरण नाहीत. नळीचं तोंड बोटानं दाबलं की पाणी जोरात उडतं, तसं धमनी अरुंद झाली की रक्त वेगानं धावतं. अमेरिकेत जॉर्जियातल्या ऑगस्टा इथे रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या मुलांची कानशिलं अशी तपासली. या आजारात चार-पाच वर्षांच्या मुलालाही लकवा येतो. वेग सेकंदाला २०० सेंटीमीटर किंवा त्यावर असलेली १३० मुलं त्यांच्या अभ्यासात घेतली. नियमित रक्त दिलेल्या ६३ मुलांपैकी एकाला लकवा आला, उरलेल्या ६७ पैकी ११ जणांना. फरक इतका ढळढळीत होता, की अभ्यास मुदतीआधीच थांबवून सगळ्यांना रक्त देऊ केलं. १९९८ मध्ये हा निकाल छापून आला.

माझ्याकडे अशी मुलं गडचिरोली-चंद्रपूरकडून येतात. डोळ्याचा कोपरा आणि कान यांच्या मधे जेल लावते, प्रोब जरासा तिरका धरते, आणि पाचेक सेंटीमीटर आतून मेंदूच्या धमनीचा फुसफुसता आवाज येतो. मूल जागं आणि शांत लागतं: झोपलं तर वेग खोटा वाढतो, रडून जोरजोरात श्वास घेतला तर खोटा कमी होतो. म्हणून आईला सांगते, ‘बाई, मोबाइलवर कार्टून लावून द्या, पण डोळा लागू देऊ नका.’ मग एकेक मिलिमीटर सरकत सगळ्यात मोठा वेग शोधायचा. १७० च्या आत असला तर निर्धास्त. १७० ते १९९ असला तर लवकर परत बोलवायचं.

आपल्याकडच्या सिकलसेल मुलांत फीटल हिमोग्लोबिन जास्त असतं, आजार सौम्य असतो, मग ही तपासणी कशाला, असं काही सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. सौम्य म्हणवल्या जाणाऱ्या या आजारात एक हात लुळा पडलेली, शब्द हरवलेली मुलं मी पाहिली आहेत. रक्त देणं बंद केलं की वेग पुन्हा चढतो, हे २००५ मध्ये सिद्ध झालं. त्यानंतर, ज्यांच्या धमन्या फारशा बिघडलेल्या नाहीत अशा मुलांना वर्षभर रक्त दिल्यावर हायड्रॉक्सीयुरियावर आणता येतं, हे २०१६ मध्ये कळलं. दूरच्या पाड्यावरून दर महिन्याला रक्तासाठी येणं ज्यांना परवडत नाही, त्यांना ती गोळी घरी घेता येते. पण आधी वेग कळायला हवा. म्हणून आईबापांना मी एवढंच लिहून देते: एसएस सिकलसेल असलेल्या मुलाची ही तपासणी दुसऱ्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत दरवर्षी करायची, ताप असताना किंवा नुकतंच रक्त चढवलेलं असताना करायची नाही, आणि मागच्या वर्षीचा कागद सोबत आणायचा.