ब्रेस्ट इम्प्लांट करायचंय? शस्त्रक्रियेआधी या गोष्टी माहीत असायला हव्यात

इन्स्टाग्राम उघडलं की एखाद्या क्लिनिकचं 'बिफोर-आफ्टर' रील समोर येतं. 'त्याच दिवशी घरी', 'सोप्या हप्त्यांत पैसे भरा' असं त्यावर लिहिलेलं असतं. थोडं स्क्रोल केलं की दुसरीच एखादी महिला सांगत असते, 'मी इम्प्लांट काढून टाकले आणि मला बरं वाटायला लागलं.' दोन्ही व्हिडिओ मिनिटभराचे. निर्णय मात्र पुढच्या वीस-तीस वर्षांचा असतो.

हा प्रश्न फक्त सौंदर्यापुरताही नाही. भारतात महिलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर स्तनाचा आहे. स्तन काढावा लागल्यानंतर 'पुन्हा स्तन तयार करायचा का?' हा प्रश्न अनेक महिलांसमोर येतो आणि इम्प्लांट हा त्यातला एक पर्याय असतो.

म्हणून इम्प्लांटचे प्रकार, धोके, खर्च आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न समजून घेऊया.

इम्प्लांट म्हणजे नेमकं काय?

सिलिकॉनचं बाहेरचं आवरण आणि त्याच्या आत भरलेला पदार्थ, अशी ही पिशवी असते. ती स्तनाच्या ऊतींखाली किंवा छातीच्या स्नायूखाली बसवली जाते.

सिलिकॉन जेल भरलेले इम्प्लांट पहिल्यांदा १९६२ साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात बसवले गेले. थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो या दोन सर्जननी टिमी जीन लिंडसे या महिलेवर ती शस्त्रक्रिया केली होती.

त्यानंतरचा प्रवास सरळ नव्हता. सुरक्षिततेची पुरेशी माहिती नाही, या कारणाने अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने १९९२ मध्ये निव्वळ सौंदर्यासाठी सिलिकॉन जेल इम्प्लांट वापरण्यावर बंधनं आणली. नव्या अभ्यासांनंतर २००६ मध्ये त्यांना पुन्हा मंजुरी मिळाली.

सलाईन की सिलिकॉन?

आत काय भरलंय, त्यावरून दोन मुख्य प्रकार पडतात.

सलाईन इम्प्लांटमध्ये निर्जंतुक मिठाचं पाणी असतं. पिशवी रिकामी आत घालून मग भरता येते, त्यामुळे चीर लहान पुरते. ती फुटली तर पाणी शरीरात शोषलं जातं आणि स्तन बसतो, म्हणजे बिघाड लगेच कळतो. पण स्पर्शाला ती कमी नैसर्गिक वाटते. त्वचा पातळ असेल तर कडेला सुरकुत्या जाणवू शकतात.

सिलिकॉन जेल इम्प्लांट स्पर्शाला खऱ्या स्तनाच्या जास्त जवळ जातात. मात्र ते फुटले तर बाहेरून काहीच कळत नाही, असं बऱ्याचदा होतं. जेल आवरणाजवळच राहतं. दुखत नाही, आकारही बदलत नाही. याला 'सायलेंट रप्चर' म्हणतात. त्यामुळे लक्षणं नसली तरी शस्त्रक्रियेनंतर ५-६ वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि त्यानंतर दर २-३ वर्षांनी तपासणी करावी, असं एफडीए सांगते. हा खर्च पॅकेजच्या जाहिरातीत दिसत नाही.

'गमी बेअर' नावाने ओळखले जाणारे इम्प्लांटही सिलिकॉनचेच असतात. त्यांच्यातलं जेल अधिक घट्ट असतं, त्यामुळे आकार टिकून राहतो.

वयाच्या बाबतीत, सौंदर्यासाठी सलाईन इम्प्लांट १८ वर्षांनंतर आणि सिलिकॉन २२ वर्षांनंतर, अशी अमेरिकेतली मंजुरी आहे. स्तनांची वाढ विशीच्या सुरुवातीपर्यंत चालू राहू शकते, हे त्यामागचं एक कारण.

गुळगुळीत की खरखरीत? हा प्रश्न महत्त्वाचा का?

इम्प्लांटचं बाहेरचं आवरण गुळगुळीत किंवा खरखरीत असतं. खरखरीत आवरण ऊतींना धरून राहतं, म्हणून थेंबाच्या आकाराचे इम्प्लांट बहुतेक खरखरीत असतात. ते आत फिरले तर स्तनाचा आकारच बिघडेल. गोल इम्प्लांट फिरले तरी फरक दिसत नाही.

पण याच खरखरीत आवरणाशी एका दुर्मीळ कॅन्सरचा संबंध आढळला. त्याचं नाव बीआयए-एएलसीएल. हा स्तनाच्या ऊतींचा कॅन्सर नाही. तो रोगप्रतिकारक पेशींचा, म्हणजे लिम्फोमाचा प्रकार आहे आणि इम्प्लांटभोवती तयार होतो. एफडीएने या संबंधाची शक्यता २०११ मध्ये पहिल्यांदा जाहीर केली. २०१९ मध्ये फ्रान्सने जास्त खरखरीत इम्प्लांटवर बंदी घातली. त्याच वर्षी जुलैमध्ये ॲलर्गन कंपनीने आपले 'बायोसेल' इम्प्लांट जगभरातून परत मागवले.

त्याची लक्षणं बहुतेकदा काही वर्षांनी दिसतात. एका बाजूचा स्तन अचानक सुजतो, आत पाणी साठतं, गाठ लागते किंवा दुखतं. लवकर कळलं तर इम्प्लांट आणि त्याभोवतीचं आवरण काढून टाकल्यावर बहुतेक रुग्ण बरे होतात.

तुमच्याकडे असे इम्प्लांट असतील आणि काहीच त्रास नसेल, तर ते केवळ भीतीपोटी काढून टाकायचा सल्ला एफडीए देत नाही. पण आपल्या शरीरात कोणत्या कंपनीचं कोणतं मॉडेल आहे, हे तुम्हाला माहीत असायलाच हवं.

चीर कुठे देतात? इम्प्लांट कुठे बसवतात?

चीर साधारण तीन ठिकाणी देतात: स्तनाच्या खालच्या घडीत, निपलभोवतीच्या गडद भागाच्या कडेला किंवा काखेत. घडीतला व्रण झाकला जातो आणि पुढे पुन्हा शस्त्रक्रिया लागली तर तिथूनच करता येते. निपलजवळच्या चिरेमुळे दुधाच्या नलिका आणि संवेदना यांवर परिणाम होण्याची शक्यता जास्त असते. काखेतल्या चिरेमुळे स्तनावर व्रण राहत नाही, पण पुढच्या शस्त्रक्रियेसाठी बहुतेकदा दुसरी चीर द्यावी लागते.

इम्प्लांट स्नायूच्या वर बसवला तर दुखणं कमी असतं आणि बरं व्हायला कमी वेळ लागतो. स्नायूखाली बसवला तर त्यावर जाडसर थर येतो, कडा कमी जाणवतात आणि मॅमोग्राफी थोडी सोपी होते. पण दंडबैठका किंवा वजन उचलताना स्तन हलल्यासारखा दिसू शकतो. जिमला नियमित जाणाऱ्या महिलांनी हे आधीच विचारून घ्यावं.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. इम्प्लांटने आकार वाढतो, पण ओघळलेला स्तन वर उचलला जातोच असं नाही. त्यासाठी 'ब्रेस्ट लिफ्ट' ही वेगळी शस्त्रक्रिया असते.

धोके कोणते?

पहिली गोष्ट म्हणजे इम्प्लांट आयुष्यभर टिकत नाहीत. एफडीएच्या माहितीनुसार, सौंदर्यासाठी इम्प्लांट केलेल्या महिलांपैकी सुमारे २० टक्के महिलांना ८ ते १० वर्षांत ते काढावे लागतात. तिशीच्या आत शस्त्रक्रिया केली तर आयुष्यात आणखी एक-दोन शस्त्रक्रिया धरूनच चालावं.

नेहमी आढळणारी अडचण म्हणजे 'कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर'. शरीर कोणत्याही बाहेरच्या वस्तूभोवती व्रणाच्या ऊतीचं आवरण तयार करतं. इम्प्लांटभोवतीही ते होतं आणि बहुतेक वेळा त्याचा त्रास नसतो. पण ते आवरण आकसलं तर स्तन कडक होतो, आकार बिघडतो, दुखतं. अशा वेळी पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते.

याशिवाय जंतुसंसर्ग, रक्त साठणं, निपलची संवेदना कमी होणं, दोन्ही बाजूंत फरक दिसणं हे धोके आहेत. धूम्रपान आणि नियंत्रणात नसलेला मधुमेह यांमुळे जखम भरायला वेळ लागतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी सिगारेट, तंबाखू बंद करायला सांगतात.

'ब्रेस्ट इम्प्लांट इलनेस' खरं आहे का?

थकवा, सांधेदुखी, लक्ष न लागणं, केस गळणं, पुरळ अशा तक्रारी अनेक महिलांनी केल्या आहेत. सोशल मीडियावर त्याला 'ब्रेस्ट इम्प्लांट इलनेस' म्हणतात.

यासाठी एकही ठरलेली तपासणी नाही. नेमकं कारणही सिद्ध झालेलं नाही. पण इम्प्लांट काढल्यावर काही महिलांना आराम पडल्याचं आढळलं आहे. एफडीएने २०२१ मध्ये इम्प्लांटच्या माहितीवर ठळक इशारा छापणं बंधनकारक केलं, त्यात या लक्षणांचाही उल्लेख आहे. म्हणजे 'हे सगळं मनाचे खेळ' असं म्हणणं चूक आहे. आणि 'प्रत्येक इम्प्लांट विषारी असतं' हेही चूक आहे. अशी लक्षणं असतील तर थायरॉइड, ॲनिमिया, संधिवात यांच्या तपासण्याही करून घ्याव्यात, कारण त्यांचीही लक्षणं अशीच असतात.

कॅन्सरनंतर कोणते पर्याय आहेत?

स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेतच पुनर्रचना करता येते किंवा उपचार संपल्यावर काही महिन्यांनी, वर्षांनीही करता येते. बऱ्याचदा आधी 'एक्स्पँडर' बसवून त्वचा हळूहळू ताणतात आणि मग इम्प्लांट बसवतात.

रेडिएशन घ्यावं लागणार असेल तर इम्प्लांटभोवतीचं आवरण आकसण्याचा धोका वाढतो. अशा वेळी पोटाची किंवा पाठीची त्वचा, चरबी, स्नायू वापरून स्तन तयार करण्याचा पर्याय सुचवला जातो. ती शस्त्रक्रिया मोठी असते आणि बरं व्हायला जास्त वेळ लागतो. पण शरीराचीच ऊती असल्याने इम्प्लांट बदलण्याचा प्रश्न राहत नाही.

तिसरा पर्याय म्हणजे काहीच न करणं, किंवा ब्राच्या आत घालायचा कृत्रिम स्तन वापरणं. हाही तितकाच योग्य निर्णय आहे. 'लोक काय म्हणतील' यासाठी कोणत्याही बाजूने घाई करण्याची गरज नाही.

स्तनपान आणि मॅमोग्राफीचं काय?

इम्प्लांटनंतर अनेक महिला स्तनपान करू शकतात. पण दूध कमी येण्याची किंवा न येण्याची शक्यता असते. पुढे मूल हवं असेल तर हे डॉक्टरांना आधी सांगा. गरोदरपणात आणि वजन कमी-जास्त झाल्यावर स्तनाचा आकार बदलतो, हेही लक्षात ठेवा.

मॅमोग्राफी करता येते, पण तिथल्या तंत्रज्ञाला इम्प्लांट असल्याचं सांगावंच लागतं. इम्प्लांट मागे सरकवून जादा फोटो काढावे लागतात. नुसतं लाजून गप्प बसलं तर गाठ नजरेतून सुटू शकते.

विमा मिळतो का?

भारतातल्या आरोग्य विम्यात निव्वळ सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया वगळलेली असते. मात्र अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यानंतरची पुनर्रचना या वगळण्यात येत नाही. कॅन्सरच्या रुग्णांनी 'कॉस्मेटिक आहे, मिळणार नाही' एवढ्या तोंडी उत्तरावर थांबू नये. पॉलिसीतली अट वाचून लेखी उत्तर मागावं.

सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर जीएसटीही लागतो. सांगितलेल्या रकमेत तो धरलाय का, हे विचारा. भूल, इम्प्लांट, रुग्णालय, औषधं आणि गुंतागुंत झाल्यास दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा, हे सगळं वेगवेगळं लिहून घ्या.

डॉक्टर कसा निवडायचा?

प्लास्टिक सर्जनकडे सहसा एमबीबीएस आणि एमएसनंतर प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी असते. पाटीवर नुसतं 'कॉस्मेटिक एक्स्पर्ट' लिहिलं असेल तर पदवी विचारा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या वेबसाइटवर डॉक्टरांची नोंदणी तपासता येते.

इम्प्लांट कोणत्या कंपनीचा, हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने वैद्यकीय मान्यता नसलेलं, औद्योगिक वापराचं सिलिकॉन इम्प्लांटमध्ये भरल्याचं २०१० मध्ये उघड झालं. जगभरातल्या लाखो महिलांना त्याची झळ बसली. कंपनीच्या संस्थापकाला २०१३ मध्ये ४ वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. तेव्हा ज्या महिलांकडे इम्प्लांटचं कार्ड नव्हतं, त्यांना आपल्या शरीरात काय आहे हे शोधण्यापासून सुरुवात करावी लागली.

संमती ही तुमची असते. २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की, जिवाला धोका नसेल तर एका प्रक्रियेसाठी दिलेली संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेला लागू होत नाही. सज्ञान रुग्ण भुलीखाली असताना नातेवाईकाने दिलेली संमतीही त्या प्रकरणात ग्राह्य धरली गेली नाही.

डॉक्टरांना हे प्रश्न नक्की विचारा

• इम्प्लांटची कंपनी, मॉडेल आणि आवरणाचा प्रकार कोणता? त्याला भारतात मंजुरी आहे का?
• माझ्यासाठी हाच आकार आणि हीच जागा का?
• तुमच्या रुग्णांपैकी किती जणींना पुन्हा शस्त्रक्रिया लागली?
• भूलतज्ज्ञ कोण असेल? रात्री त्रास झाला तर फोन कोण उचलेल?
• पुढच्या दहा वर्षांत कोणत्या तपासण्या लागतील?
• इम्प्लांट काढायचे ठरले तर स्तन कसा दिसेल?

शस्त्रक्रियेनंतर सीरियल नंबर असलेलं इम्प्लांट कार्ड मागून घ्या, त्याचा फोटो काढा आणि घरातल्या एका विश्वासू व्यक्तीलाही पाठवून ठेवा. 'ऑफर आजच संपतेय' म्हणून कोणी घाई करत असेल, तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. सौंदर्यासाठीची ही शस्त्रक्रिया कधीच तातडीची नसते.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या प्रकृतीनुसार निर्णय घेताना तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला घ्या.)