जनुक, दूध आणि नशीब : डॉ. कमल रणदिवे यांचं संशोधन

शिंगणापूर इथून जवळच, त्यामुळे साडेसाती म्हणजे काय हे सोनईकरांना मी सांगायला नको. हल्ली तिच्या जोडीला एक नवा शब्द आलाय, 'जीन्स'. घरात कुणाला कर्करोग झाला की लोक म्हणतात, "आमच्या जीन्समध्येच आहे." सूर तोच, हात टेकल्याचा. आणि दुसरीकडे पेपरात वाचतो की जनुक आता कापता येतं, म्हणजे रोग गेलाच! खरं काय ते समजायला पुण्याच्या एका संशोधक बाईंचं काम बघू.

कमल समर्थ. जन्म ८ नोव्हेंबर १९१७. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. मुलीनं डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा, पण कमलताई वनस्पती आणि प्राणिशास्त्राकडे वळल्या. लग्नानंतर मुंबई, टाटा मेमोरियल हॉस्पिटल, आणि मार्गदर्शक डॉ. वसंत खानोलकर. १९४९ साली पीएच.डी.

त्यांचा विषय उंदरांमधला स्तनाचा कर्करोग. आता इथं जरा थांबू. काही कुळींच्या माद्यांना हा रोग पिढ्यान्‌पिढ्या होतो. आपण म्हणणार, आनुवंशिक. पण १९३६ मध्ये अमेरिकेत बिटनर यांनी अशा कुळीची पिल्लं जन्मताच निरोगी कुळीच्या आईच्या अंगावर पाजायला ठेवली. रोगाचं प्रमाण एकदम घटलं! म्हणजे जी गोष्ट रक्तातून आल्यासारखी वाटत होती, ती बरीचशी दुधातून येत होती. पुढे कळलं, तो विषाणू होता. (माणसाला हे लावू नका हं. उलट अंगावर पाजल्यानं आईचा स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो.) रणदिवेबाईंनी जनुकं, संप्रेरकं आणि विषाणू यांचा एकमेकांशी संबंध काय, हे वर्षानुवर्षं तपासलं.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणून मला यात आपलं न्यायशास्त्र दिसतं. घडा नुसत्या मातीनं होत नाही. कुंभार, चाक, पाणी, सगळं जुळावं लागतं. नैयायिक याला कारणसामग्री म्हणतात. कर्करोगाचं तसंच आहे. स्तनाच्या कर्करोगाशी जोडलेली बीआरसीए जनुकं १९९४-९५ मध्ये सापडली, ती खरीच आहेत. पण वारशानं आलेल्या अशा बिघाडामुळे होणारे रुग्ण शंभरात साधारण पाच ते दहा. खुद्द खानोलकरांनी १९४५ मध्ये तंबाखू आणि चुट्टा यांच्या सवयींतून होणारे कर्करोग नोंदवले होते. तंबाखूची पुडी जीन्समध्ये नसते, खिशात असते!

मग जनुक कापण्याचं काय? २०१२ मध्ये शार्पांतिए आणि डाउडना यांनी क्रिस्परची पद्धत दाखवली, २०२० मध्ये नोबेल मिळालं. कात्री उत्तम आहे. पण शरीरातल्या अब्जावधी पेशींपर्यंत ती पोचवायची कशी? म्हणून आज काम चालतं ते मुख्यतः पेशी बाहेर काढून, बदलून, वाढवून परत सोडण्याचं. मुंबईच्या आयआयटी आणि टाटा मेमोरियलमधून घडलेली, ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते सुरू झालेली कार-टी पेशींची उपचारपद्धती याच वाटेची. तिच्यात कात्री नाही, विषाणूला वाहन करून नवं जनुक आत घालतात, एवढाच फरक.

आणि शरीराबाहेर पेशी जगवायची विद्या इथं कुणी रुजवली? रणदिवेबाई बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे शिकल्या. हेला पेशी, १९५१ मध्ये, याच प्रयोगशाळेत वाढल्या. परत येऊन बाईंनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. संशोधनाचा लेखाजोखा मांडताना आपण निबंध मोजतो. त्यांचे दोनशेच्या वर आहेत, १९८२ चं पद्मभूषणही आहे. पण दुसऱ्यांना काम करता येईल असा ओटा बांधून देणं, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना उभी करण्यात त्या पुढे होत्या, तोही असाच ओटा.

शेवटचं सांगतो, ते आपल्या जिल्ह्यातलं. मुंबईतल्या कामानंतर बाई आल्या अकोले तालुक्यात. राजूरच्या सत्यनिकेतन संस्थेबरोबर त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा केली, गावच्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. जन्मभर सूक्ष्मदर्शकातून पेशी पाहिलेल्या बाईंना मुलाच्या ताटात काय पडतं, हेही कारणांपैकी एक कारण वाटलं.

तेव्हा घरी कुणाला गाठ लागली, तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर जीन्सवर किंवा ग्रहावर टाकून बसू नका. तपासून घ्या. कारणं अनेक असतात, म्हणूनच आपल्या हातात काहीतरी उरतं.

आता प्रश्न विचारा.