भुतांच्या पंगतीतला घास

मंडळी, भुताची गोष्ट सुरू झाली की मुलं आजीला अधिकच खेटून बसतात. पण 'पुढं सांग' हा हट्ट काही सोडत नाहीत. भीती आणि गंमत यांचे हे नाते जगभर आहे. त्याच नात्यातून वाढलेल्या एका परदेशी सणाचा इतिहास आज पाहू.

३१ ऑक्टोबरच्या रात्री युरोप-अमेरिकेत 'हॅलोवीन' साजरा होतो. लहानथोर भुताखेतांची सोंगे घेऊन मेजवानीला जमतात आणि जेवणाआधी तोंडात टाकायचे पदार्थही भुताचेच रूप घेऊन येतात. अंडे उकडून मधोमध चिरतात. आतला बलक मोहरीची चटणी आणि मिरपूड घालून कालवतात, तो परत खळग्यात भरतात आणि वर काळ्या ऑलिव्हची एक चकती बसवतात. झाला डोळा! असे ताटभर डोळे पाहुण्यांकडे टक लावून बघत असतात. या मसालेदार अंड्यांना इंग्रजीत नावही 'सैतानी अंडी' असेच आहे. झणझणीत पदार्थाला सैतानाचे विशेषण लावण्याची ही रीत तिकडे अठराव्या शतकापासूनची.

तुम्ही म्हणाल, हा तर भरल्या पोटाचा खेळ. यात इतिहास कसला? पण हे ताट जरा खरवडून पाहिले तर तळाशी भूक लागते, मरण लागते आणि देशोधडीला लागलेल्या माणसांची कहाणी लागते.

आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये नोव्हेंबरच्या तोंडाशी 'साउइन' नावाचा फार जुना सण होता. सुगी संपलेली, उन्हाळी कुरणांवरची गुरे खाली आणलेली. पुढचा हिवाळा मोठा कठीण. जेवढ्या जनावरांना वैरण पुरेल तेवढी राखायची, बाकीची कापायची. कोण जगेल, कोण जाईल, याचा हिशेब करायचे ते दिवस. त्या रात्री या जगातले आणि त्या जगातले दार उघडते, मेलेली माणसे फिरकतात, अशी समजूत होती. शेतकरी माणसाला हे वेगळे सांगायला नको, की अशी समजूत कोठाराकडे पाहतापाहताच तयार होते.

पुढे ख्रिस्ती धर्मसंस्थेने १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरवला. दहाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या क्लूनी मठाचा प्रमुख ओदिलो याने २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस आपल्या मठांतून सुरू केला आणि तो हळूहळू सगळीकडे पसरला. आपल्या वसईत आणि गोव्यातही ख्रिस्ती कुटुंबे या दिवशी कबरी स्वच्छ करून फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. 'हॅलोवीन' या शब्दाचा अर्थ एवढाच, की सर्व संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ.

इंग्लंडात या दिवसांत 'आत्म्याची पोळी' वाटत. पोळी कसली, मसाला घातलेली छोटी गोल भाकरीच ती. गोरगरीब आणि मुले दारोदार जात, घरच्या मृतांसाठी प्रार्थना म्हणत आणि बदल्यात ही पोळी घेत. यात मख्खी अशी, की मागणाऱ्याला लाज वाटायचे कारण नव्हते. तो भीक मागत नव्हता, प्रार्थनेचे मोल घेत होता. हिवाळ्याच्या तोंडावर गरिबाच्या पोटात चार घास जावेत, याची ही गावाने लावलेली सोय होती.

आयर्लंडात संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ म्हणजे मांस वर्ज्य. म्हणून जेवणात बटाटा आला. बटाटे कुस्करून त्यात कोबीसारखी भाजी, दूध आणि लोणी घातले की 'कोलकॅनन' झाले. त्यातला थोडा भाग पूर्वजांसाठी किंवा पऱ्यांसाठी काढून ठेवीत. आपण पितृपंधरवड्यात पान वाढतो, तसेच म्हणा ना! दुसरा पदार्थ 'बार्मब्रॅक', म्हणजे मनुकांचा ठिपकेदार पाव. त्यात अंगठी, नाणे, चिंधी असे काहीबाही दडवीत. अंगठी सापडली तर वर्षात लग्न, नाणे आले तर पैसा, चिंधी आली तर दारिद्र्य. जेम्स जॉइसच्या १९१४ सालच्या 'डब्लिनर्स' या कथासंग्रहात हॅलोवीनच्या संध्याकाळचा हा पाव आला आहे. मुले सलगमाचा कंद कोरून त्याला नाकडोळे करीत आणि आत दिवा ठेवीत. तो सलगमाचा चेहरा, बरं का, भोपळ्याहून कितीतरी भेसूर दिसतो!

मग १८४५ साल उजाडले. बटाट्यावर करपा पडला आणि कंद जमिनीतच सडले. गरीब आयरिश कुटुंबांचे सारे पोट त्या एका पिकावर. देशातून धान्य आणि गुरे इंग्लंडकडे जातच राहिली, आणि इकडे सुमारे १० लाख माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली. जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. १८४१च्या शिरगणतीत ८१ लाखांवर असलेली वस्ती १८५१मध्ये ६५ लाखांवर आली. पूर्वजांसाठी घास काढून ठेवणाऱ्या घरांत जिवंतांनाच घास उरला नाही.

जी माणसे जहाजाने अमेरिकेला गेली, त्यांच्यासोबत हा सण गेला. तिथे त्यांना तांबडा भोपळा भेटला. तो सलगमापेक्षा मोठा, कोरायला सोपा, आणि त्याच मातीतला. दिवा त्यात गेला. पुढे परिस्थिती सुधारली, सण घरगुती मेजवान्यांत शिरला. १९०९ साली डेनिसन या कागद बनवणाऱ्या कंपनीने कागदी सोंगे आणि मेजाची सजावट शिकवणारी एक पुस्तिका काढली. भुताच्या मेजवानीचा व्यापार तेव्हापासून वाढतच गेला. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतरही, १९४२ ते १९४७, अमेरिकेत साखरेचे रेशनिंग होते, तेव्हा मुलांच्या खाऊलाही कात्री लागली.

आणि १९५० साली एक चांगली गोष्ट घडली. फिलाडेल्फियात सोंगे घेऊन निघालेल्या काही मुलांनी खाऊसोबत नाणीही मागितली, ती जगातल्या गरजू मुलांसाठी. संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीसाठी असे पैसे गोळा करण्याची प्रथा तिथून चालू झाली. दारोदार फिरून वाटा मागायची जुनी रीत नव्या वेषात परत आली म्हणायची.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा विषय वर्गात घ्यायचा तर भिंतीवर जगाचा नकाशा टांगा. बटाटा आणि तांबडा भोपळा ही दोन्ही पिके मूळची अमेरिका खंडातली. एक समुद्र ओलांडून आयर्लंडात गेला आणि तिथल्या गरिबाचे अन्न झाला. आपल्याकडे तर त्याने पोर्तुगीजांच्या तोंडचे 'बटाटा' हे नावसुद्धा सोबत आणले. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट मुलांना येतेच. आता भोपळ्यानेच केलेला प्रवास त्यांना बोटाने नकाशावर काढू द्या. आणि मुलांना विचारा, की पीक बुडाले तर आपल्या गावात पहिला घास कोणाच्या ताटातून कमी होईल?